गार्सिया द ओर्ता आणि गोव्याची आंबट फळे

मे महिना सरत आला की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील डोंगरउतारांवर भिरंडांचा सडा पडू लागतो. लाल-जांभळी फळे फोडायची, बिया वेगळ्या काढायच्या, साली मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात वाळवायच्या आणि वर्षभराची सोलां बरणीत भरून ठेवायची, हे काम इथल्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. कोणी त्या फळाला भिरंड म्हणते, कोणी रातांबा, कोणी कोकम. युरोपातील वाचकांना या फळाची ओळख झाली ती १५६३ साली गोव्यातच छापल्या गेलेल्या एका पोर्तुगीज पुस्तकातून. त्यात त्याचे नाव ब्रिंदांव असे येते. भिरंड या आपल्या शब्दाचेच ते पोर्तुगीज जिभेवर वळलेले रूप होय. त्या पुस्तकाचे लेखक म्हणजे वैद्य गार्सिया द ओर्ता.

पणजीच्या चर्चसमोरील उद्यानाला त्यांचे नाव आहे आणि बहुतेक गोमंतकीयांची त्यांच्याशी ओळख तेवढ्यावरच थांबते. कोकमाचे शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. ते गार्सिया यांच्यावरून पडले असा समज अनेक सुशिक्षितांमध्येही आढळतो. प्रत्यक्षात लिनियसने गार्सिनिया हे कुलनाम अठराव्या शतकातील लोरां गार्सँ या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ दिले. ज्या माणसाने हे फळ गोव्यात पाहून, चाखून कागदावर उतरवले, त्याच्या वाट्याला नावाचे साम्य तेवढे आले.

ओर्ता यांचा जन्म सुमारे १५०१ साली पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हिदे या स्पेनच्या सीमेलगतच्या गावी झाला. आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ मध्ये स्पेनच्या राज्यकर्त्यांनी ज्यूंना देशाबाहेर घालवले, तेव्हा अनेक कुटुंबे सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आली. पाचच वर्षांत, १४९७ मध्ये, तिथेही त्यांच्यावर सक्तीचा बाप्तिस्मा लादला गेला. अशा कुटुंबांना नवे ख्रिस्ती म्हणण्याची रीत पडली. हा शब्द पुढे गोव्यातील धर्मांतरितांनाही लावला गेला. नव्या ख्रिस्त्यांच्या घरात बाहेर चर्चची रीत आणि आत बापजाद्यांची रीत, अशी दोन आयुष्ये एकाच छपराखाली चालत. गार्सिया अशाच घरात वाढले.

सालामांका आणि अल्काला या स्पॅनिश विद्यापीठांत वैद्यक व तत्त्वज्ञान शिकून ते १५२३ मध्ये गावी परतले. काही वर्षे तिथेच वैद्यकी केली, १५२६ मध्ये व्यवसायाचा परवाना मिळवला आणि नंतर लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापन केले. नाव होते, पद होते. तरीही १२ मार्च १५३४ रोजी मार्तिम आफोंसु द सौझा यांच्या ताफ्याबरोबर त्यांचे वैद्य म्हणून ते हिंदुस्थानच्या वाटेला लागले आणि सप्टेंबरमध्ये गोव्याला पोहोचले. पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशनची स्थापना १५३६ साली झाली. तिची चाहूल त्याआधीच लागलेली होती. लिस्बनमधील प्रतिष्ठा सोडून समुद्र ओलांडण्यामागचे कारण त्या चाहुलीत शोधावे लागते. वनस्पतींचे कुतूहल होतेच, पण केवळ कुतूहलापोटी कोणी सहा महिन्यांचा तो जीवघेणा प्रवास पत्करत नसे.

आरंभीची वर्षे फिरतीची गेली. सौझा यांच्या मोहिमांबरोबर त्यांनी दीव पाहिले, गुजरात पाहिला, वसई पाहिली. १५३८ च्या सुमारास ते गोवा शहरात, म्हणजे आजच्या जुन्या गोव्यात, स्थिरावले. पुढे नात्यातीलच ब्रियांदा द सोलिस यांच्याशी त्यांचे लग्न झाले. दोन मुली झाल्या. व्हाइसरॉय आणि गव्हर्नर त्यांच्याकडून औषध घेत. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह हाही त्यांचा रोगी आणि स्नेही होता. निजामशाहाच्या दरबारी अरब व इराणी हकीम होते. त्यांच्याशी ओर्ता तासन् तास चर्चा करीत, एकेका औषधाचे अरबी नाव विचारून घेत. मुंबईचे बेटही पोर्तुगीज राजसत्तेने त्यांना खंडाने दिले होते. त्या बेटावर त्यांचे एक आंब्याचे झाड होते, ते वर्षातून दोनदा फळत असे आणि ओर्ता यांना त्याचे मोठे कौतुक होते.

आता त्या पुस्तकाविषयी. कोलोक्विउश दुश सिंप्लिश हे त्याचे संक्षिप्त नाव. हिंदुस्थानातील औषधी व सुगंधी द्रव्यांविषयीचे संवाद, असा त्याचा अर्थ. १० एप्रिल १५६३ रोजी ते गोव्यात जुवांव द एंदें यांच्या छापखान्यातून बाहेर पडले. गोव्यात मुद्रण येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती, आणि पुस्तकातील छपाईच्या चुका इतक्या, की शुद्धिपत्रालाच कित्येक पाने लागली. याच पुस्तकात लुईश द कामोंइश यांची एक कविता छापली गेली. पुढे पोर्तुगालचा महाकवी म्हणून गाजलेल्या या माणसाची छापून आलेली ती पहिली रचना मानतात.

पन्नासहून अधिक संवादांत मांडलेल्या या ग्रंथात दोन मुख्य पात्रे आहेत. एक स्वतः ओर्ता, दुसरे रुआनो नावाचे कल्पित वैद्य. रुआनो नुकतेच युरोपातून आलेले आहेत. ग्रीक आणि अरब ग्रंथकारांची मते त्यांना तोंडपाठ आहेत आणि प्रत्येक गोष्टीत ते त्यांचाच हवाला देतात. ओर्ता शांतपणे ऐकून घेतात आणि मग वस्तूच समोर आणायला सांगतात. आंतोनिया ही घरातील दासी परसातून किंवा आतल्या खोलीतून फळ, पान, मूळ घेऊन येते आणि वाद मिटतो. मायदेशी असतो तर गालेनविरुद्ध बोलण्याचे धाडस झाले नसते, अशा आशयाची कबुलीही ओर्ता देतात. ज्ञानाचा निवाडा ग्रंथावरून न करता ताटातल्या वस्तूवरून करायचा, ही त्या काळात मोठीच बंडखोरी होती. ती ओर्ता यांनी जेवणाच्या मेजावर बसून केली, म्हणून कदाचित कोणाच्या डोळ्यांवर आली नाही.

इथल्या लोकांकडून शिकण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मालुपा या हिंदू वैद्याचा ते नावानिशी उल्लेख करतात. महामारीच्या पटकीचे वर्णन करताना ते तिचे स्थानिक नाव मोर्शी असे देतात. आपल्याकडे ज्याला मोडशी म्हणतात तोच हा शब्द. युरोपीय वैद्याने केलेले या रोगाचे ते अगदी आरंभीचे तपशीलवार वर्णन आहे, आणि इथले वैद्य रोग्याला मिरी-जिरे घातलेली तांदळाची पेज देतात हेही त्यांनी नोंदवून ठेवले. हिंगाचा वास त्यांना मुळीच सोसत नसे, मात्र हिंग घालून शिजवलेली भाजी चवीला वाईट लागत नाही हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे. असे लहानसहान तपशील वाचताना चारशे साठ वर्षांचे अंतर जाणवत नाही.

सर्वांत रंगले आहेत ते फळांवरचे संवाद. भिरंड आत रक्तासारखे लाल आणि अतिशय आंबट असते, त्याच्या साली वाळवून ठेवतात, त्यांचे शिर्क्यासारखे आंबट करतात, अशी माहिती येते. करमल, म्हणजे पाच धारांचे ते पिवळे फळ, आंतोनिया ताजेच आणून दाखवते. बोरे येतात, फणस येतो, जांभळे आणि जांब येतात. चिंच ही रानटी खजुराची जात असावी, अशी समजूत युरोपात रूढ होती. ती ओर्ता यांनी झाडच पाहून खोडून काढली आणि इथल्या स्वयंपाकात चिंच शिर्क्याच्या जागी वापरतात हे सांगितले. कच्च्या आंब्याचे तर किती प्रकार! साखरेत मुरवलेला, शिर्क्यात घातलेला, आत ओले आले आणि लसूण भरून तेलामिठात ठेवलेला. लसूण-आल्याच्या त्या आंब्याची बरणी पेडण्यातील एखाद्या आजीच्या कोठीत आजही सापडेल. केळी भाजून, वाइनमध्ये घालून, वर दालचिनी भुरभुरून खाण्याची पद्धत मात्र निखालस पोर्तुगीज मेजावरची दिसते.

या नोंदींचे मोल समजण्यासाठी त्या काळच्या पोर्तुगीज स्वयंपाकघराकडे पाहावे लागते. लसूण आणि वाइन किंवा शिर्का यांत मांस मुरवण्याची रीत हे लोक बरोबर घेऊन आले होते. लांबच्या सफरीत मांस टिकवण्याचा तो मार्ग होता, आणि गोव्याचा विंदालू त्याच रीतीच्या नावावरून आला. गोव्यात द्राक्षे नव्हती. वाइन जहाजातून येई, महाग असे आणि वाटेत बिघडे. तेव्हा आंबटपणा इथेच शोधणे भाग होते. माडाची सूर आंबवून तिचा शिर्का होतो, हे ओर्ता यांनी नारळाच्या संवादात लिहिले आहे. भिरंड, चिंच, कैरी, बिंबल ही फळे दारातच होती. पोर्तुगीजांचा मांसखंड आणि गोमंतकाचे आंबट फळ यांची भेट अशी गरजेपोटी झाली. इथल्या हिंदू घरांना मात्र हा मेळ कोणी शिकवायची गरज नव्हती. शागुतीचा उगम पेडण्यातील हरमलचा, असे सांगितले जाते. मटणाच्या त्या शागुतीत भाजलेल्या खोबऱ्याचा आणि मसाल्याचा जडपणा चिंचेच्या कोळाने हलका करतात, तो याच न्यायाने. चरबीला आंबटाची जोड मिळाली नाही तर जीभ लवकर कंटाळते.

गोव्यातील कॅथलिक घरांत बीफ, म्हणजे लसूण-मिरीचा स्टेक, आजही तव्यावर होतो. त्याला भिरंडाची जोड फार सुरेख बसते. ओर्ता वैद्य होते, आचारी नव्हे, त्यामुळे त्यांच्या ग्रंथात अशी कृती शोधू नये. पण त्यांनी वर्णिलेल्या गुणांवरून ती सहज करता येते. इंचभर जाडीचा मांसाचा तुकडा अर्धा तास बाहेर ठेवून, कापडाने अगदी कोरडा पुसून, मीठ लावून जाड बुडाच्या कडकडीत तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटे शेकावा आणि पाच मिनिटे ताटलीत निवांत ठेवावा. ओला तुकडा टाकला तर तो शेकण्याऐवजी वाफेवर शिजतो आणि करपट-खमंग रंग येत नाही. त्याच तव्यात मंद आचेवर ठेचलेला लसूण व भरडलेली मिरी परतून, सहा-सात सोलां भिजवलेले अर्धी वाटी पाणी ओतावे. तव्याला चिकटलेला मांसाचा अर्क त्यात सुटून येतो. सुपारीएवढा गूळ घालून पाणी निम्मे आटवावे, शेवटी लोण्याचा लहान गोळा. सोलांत मीठ असतेच, म्हणून वेगळे मीठ चाखून मगच घालावे. तवा बिडाचा असेल तर रस त्यात रेंगाळू देऊ नये, लोखंडाची चव उतरते. आणि मांस कोकमाच्या पाण्यात रात्रभर मुरत ठेवण्याचा मोह टाळावा. आम्लाने वरचा थर पिठूळ होतो. जे बीफ खात नाहीत त्यांना बोकडाच्या चापांवर किंवा डुकराच्या मांसावर हाच रस चालतो. भिरंडांचा हंगाम नसेल तेव्हा करमलाच्या चकत्या किंवा कैरीचा कीस घेता येईल.

हे सारे आज रुचीचा विषय म्हणून बोलता येते. ओर्ता यांच्या काळी नव्या ख्रिस्त्यांच्या घरात मांस कसे कापले, कसे धुतले, कशात शिजवले, याला फार वेगळा अर्थ होता. स्पेन आणि पोर्तुगालमधील इन्क्विझिशनने छुपे ज्यू ओळखण्यासाठी खुणांच्या याद्याच जाहीर केल्या होत्या आणि त्या चर्चमध्ये वाचून दाखवल्या जात. त्यांतल्या कितीतरी खुणा चुलीशेजारच्या होत्या. डुकराचे मांस टाळणे, ससा न खाणे, खवले नसलेला मासा वर्ज्य मानणे, मांसातील रक्त धुऊन काढणे, चरबी व पायातील शीर कापून टाकणे. शनिवारी चूल पेटवावी लागू नये म्हणून शुक्रवारीच स्वयंपाक उरकून ठेवणे, हीदेखील खूणच. शेजारीण, दासी, रुसलेला नातेवाईक यांपैकी कोणीही साक्षीला जाऊ शके. स्टेकवरची चरबी सुरीने काढणाऱ्या बाईला जीव गमवावा लागेल, असे ते दिवस होते.

अशा घरातल्या माणसाने स्वतःचे स्वयंपाकघर, दासी, परस, पाहुण्यांची जेवणे हे सगळे पुस्तकात उघडे करून मांडावे, यातले धैर्य सहसा कोणी लक्षात घेत नाही. पुस्तक निघण्याच्या तीन वर्षे आधी, १५६० मध्ये, इन्क्विझिशन गोव्यात येऊन दाखल झाले होते. ओर्ता यांची बहीण कातारिना पोर्तुगालमध्ये त्या यंत्रणेच्या हाती एकदा सापडली होती, आणि सुटून भावाच्या आश्रयाला गोव्यात आली होती. ज्या संकटापासून पळून गार्सिया इथे आले होते, ते पंचवीस-सव्वीस वर्षांनी त्यांच्याच शहरात येऊन उभे राहिले. वजनदार रोग्यांच्या ओळखीमुळे ते जिवंत असेपर्यंत त्यांना धक्का लागला नाही.

१५६८ मध्ये ओर्ता यांचे गोव्यात निधन झाले. छत्र गेले आणि लगेच कातारिनावर कारवाई सुरू झाली. कुटुंबातील माणसांच्या जबान्या झाल्या. मोझेसचा धर्मच खरा, असे गार्सिया मानत असत, ही माहिती कातारिनाच्या पतीच्या जबानीतून पुढे आली. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी कातारिनाला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. गार्सिया यांच्यावरही मृत्यूनंतर खटला चालला आणि ते दोषी ठरले. १५८० मध्ये त्यांची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळण्यात आली. गोव्यात तीस वर्षे रोग्यांची नाडी पाहिलेल्या वैद्याचे थडगेही शहराने ठेवले नाही.

पेडणे आणि डिचोली तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हते. ओर्ता यांच्या काळात तो मुलूख आदिलशाहीत मोडत असे आणि पोर्तुगीज अंमल तिस्वाडी, बारदेश, साष्टीपुरता होता. हे दोन तालुके पोर्तुगीजांकडे आले ते १७८० च्या दशकात. त्या वेळी रहिवाशांच्या धर्मात व रीतिरिवाजांत ढवळाढवळ न करण्याचे धोरण पोर्तुगीजांनी स्वीकारले होते. त्यामुळे इथल्या चुलींवर ती नजर कधी पडली नाही. जुन्या काबिजादींत मात्र सोयरसुतक, लग्नाची गाणी, दारातली तुळस यांच्याबरोबर स्वयंपाकाच्या सवयींवरही बंदीहुकूम निघाले. मिठाशिवाय भात शिजवण्यावरही नव्या ख्रिस्त्यांना मनाई झाली. ओर्ता यांच्या घराण्याने जे भोगले, त्याचीच ही दुसरी तऱ्हा होती. गोव्यातील इन्क्विझिशन कायमचे बंद झाले ते १८१२ मध्ये.

ग्रंथाचे नशीब थोडे बरे निघाले. शार्ल द लेक्ल्यूज, ज्यांना विद्वान क्लुसियस या लॅटिन नावाने ओळखतात, त्यांच्या हाती ओर्ता यांच्या पुस्तकाची प्रत पडली. त्यांनी १५६७ मध्ये, म्हणजे ओर्ता हयात असतानाच, अँटवर्पहून त्याचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला. युरोपातील वैद्यांनी हिंदुस्थानी औषधे ओळखली ती मुख्यतः या संक्षेपातून. क्लुसियस यांनी काटछाट करताना संवादाचा घाट मोडून टाकला. रुआनो गेले, फळे घेऊन येणारी आंतोनिया गेली, जेवणाचे मेज गेले. उरली ती द्रव्ये आणि त्यांचे गुणधर्म. विद्वानांची त्याने सोय झाली खरी, पण ज्याला सोळाव्या शतकातील गोव्याचे घर पाहायचे आहे त्याने मूळ पोर्तुगीज ग्रंथाकडेच वळावे. तो ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिकाल्यूचे कौंट यांनी टीपांसह पुन्हा संपादित केला, आणि १९१३ मध्ये क्लेमेंट्स मार्कम यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले.

क्लुसियस यांचा संक्षेप मात्र अँटवर्पमध्ये पुनःपुन्हा छापला जात राहिला. त्याची एक आवृत्ती १५७९ साली निघाली. पुढच्याच वर्षी गोव्यात ओर्ता यांचे थडगे उकरले गेले.